गैरहजर पक्षकारामुळे अडलेले साडेतीन कोटी डॉलर

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आम्ही राहतो तिथून वुडसाइड जवळच. फिलिपिनो लोकांची ही मोठी वस्ती, आणि फिलिपिन्सचा हुकूमशहा फर्डिनंड मार्कोस याच्या राजवटीत घरातलं माणूस गमावलेले लोक इथे भेटतात. म्हणूनच कायद्याच्या वर्गात शिकलेला पिमेंटेल खटला मला अजून छळतो.

मार्कोसने 1972 मध्ये अरेल्मा या पनामातल्या कंपनीच्या नावाने मेरिल लिंच या अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे 20 लाख डॉलर ठेवले. 2000 पर्यंत त्याचे साडेतीन कोटी झाले. मार्कोसच्या अत्याचारांविरुद्ध 9,539 जणांच्या ‘पिमेंटेल’ गटाने अमेरिकेच्या फेडरल कोर्टात जवळपास 2 अब्ज डॉलरचा निकाल मिळवला होता. त्यांनी या खात्यावर हक्क सांगितला. फिलिपिन्स सरकार म्हणालं, हा देशाचा लुटलेला पैसा आहे. पैसे कोणाचे हे कोर्टानेच ठरवावं, म्हणून मेरिल लिंचने दावा लावला.

सरकार मात्र सार्वभौम. परक्या कोर्टात त्याला खेचता येईना. खालच्या कोर्टांनी सरकारला वगळून पीडितांच्या बाजूने निकाल दिला. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला: सरकार आवश्यक पक्षकार आहे, त्याच्याशिवाय हा दावा चालूच शकत नाही. पीडितांनी मग न्यूयॉर्क राज्याच्या कोर्टांत दाद मागितली. 2012 मध्ये तिथेही हेच उत्तर मिळालं.

ज्याचं म्हणणं ऐकलंच नाही त्याचा हक्क बुडू नये, हे तत्त्व मला मनापासून पटतं. पण दावा फेटाळला तर वादीला दुसरा मार्ग उरतो का, हेही कोर्टाने बघायचं असतं. माझ्या मते इथे त्याला फार कमी वजन मिळालं.

आपल्याकडे हा प्रश्न वाटपाच्या दाव्यांत येतो. पक्षकार कमी-जास्त झाले म्हणून दावा बुडत नाही, असं 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. पण आवश्यक पक्षकार सुटला तर ही सवलत नाही, असं 1976 च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं. सुटलेल्याला कोर्ट नंतरही सामील करू शकतं, ही आपल्या कायद्यातली मोठी सोय. तरी सासरी गेलेल्या आत्याचं किंवा परदेशातल्या भावाचं नाव दाव्यात पहिल्यापासून घाला. आणि इकडे राहणाऱ्यांनो, गावाकडून समन्स आलं तर ते घ्या. यायला जमत नसेल तर विश्वासातल्या माणसाला कुलमुखत्यारपत्र द्या, वकील नेमा. तुमच्या हिश्श्याशिवाय तिकडे कोणाचंच वाटप पुरं होत नाही.