अंगावर पाजताना डोळ्यांत पाणी येतं तेव्हा

आजच्या ओपीडीचा निम्मा वेळ एका ओल्या बाळंतिणीने खाल्ला, आणि ते बरंच झालं. बाळ तीन आठवड्यांचं. पाजायला घेतलं की पोरगी दात-ओठ आवळून भिंतीकडे बघायची. निपलच्या बुडाशी आडवी भेग, कडेला मधाच्या रंगाची खपली, ब्राला चिकटलेली. सोबतच्या सासूबाई म्हणाल्या, "हिला सोसवतच नाही. आम्ही नाही का पाजलं?" (हे वाक्य सगळ्यांना पाठ कसं असतं कोण जाणे.)

अशी पिवळी खपली, पू, न भरणारी भेग म्हणजे बहुतेकदा स्टॅफिलोकोकस जंतू. नुसतं तूप चोळून तो जात नाही. डॉक्टरांनी म्युपिरोसिन मलम लिहून दिलं, पाजून झाल्यावर पातळ थर लावायला. बाळाच्या तोंडात पांढरे डाग असते तर बुरशीचा संशय घेऊन दोघांनाही औषध लागलं असतं. ते नव्हते.

पण मूळ दुखणं वेगळंच होतं. बाळ फक्त टोक चोखत होतं. पोटाला पोट, नाक निपलसमोर, जांभईएवढा आ होईपर्यंत थांबायचं, मग हनुवटी आधी टेकवायची. बऱ्याच खटपटीनंतर भोवतीचा काळा भागही तोंडात गेला आणि गिळल्याचा आवाज आला. "दुखतंय, पण कालच्यासारखं नाही हो ताई."

पाजणं थांबवायचं नाही. अगदीच असह्य झालं तर त्या बाजूचं दूध हाताने काढून वाटी-चमच्याने द्यायचं. ताप आला किंवा लाल, गरम गाठ लागली तर त्याच दिवशी यायचं.

निघताना सासूबाईंनी हळूच विचारलं, "डिंकाच्या लाडवांची उष्णता झाली का? बंद करू?"

नाही हो, खाऊ द्या तिला.