टेन्शनमध्ये झोप का उडते

"विचार बंद कर, झोप येईल" असं कोणी म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं, कारण हे मनाच्या जोरावर होणारं काम नाहीये. आमच्या इंदूरला अर्ध्या रात्री सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, हौसेनं जागणारे लोक दिसतात, पण माझी मावसबहीण घरी टेन्शननं अंथरुणात पडून जागी असते, ते वेगळं.

दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यानं झोप येते, पण टेन्शन आलं की हायपोथॅलॅमस (मेंदूचा एक भाग) सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, त्यातून पुढे कॉर्टिसॉल हे स्ट्रेस हार्मोन वाढतं (जे खरं तर मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असायला हवं), आणि ब्रेनस्टेमकडून (मेंदूच्या देठाकडून) जागं ठेवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन सुरू होतं ते वेगळंच. शिवाय १९९८ मध्ये सापडलेलं ऑरेक्सिन हे मेंदूतलं रसायन, ते जागेपणा धरून ठेवतं आणि स्ट्रेसमध्ये त्याचे न्यूरॉन जास्त पेटतात. म्हणजे अंग थकलेलं, डोळे जड, तरी आत अलार्म चालूच! ऑरेक्सिनला अडवणारं सुवोरेक्सांट हे औषध अमेरिकेत २०१४ ला मंजूर झालं.

आणि झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं कॉर्टिसॉल परत चढलेलं, अमिग्डाला (मेंदूतला भीतीचा भाग) जास्त चिडकी, मग छोट्याशा गोष्टीचंही टेन्शन. संध्याकाळचा चहा तर त्यातल्या कॅफीनमुळे अ‍ॅडेनोसिनचीच जागा अडवतो.

बहिणीला डॉक्टरांनी गोळीच्या आधी सीबीटी-आय (झोपेच्या सवयी आणि विचार बदलायची उपचारपद्धत) सांगितली, म्हणजे झोप येत नसली तर पलंग सोडून दुसऱ्या खोलीत बसायचं, रोज उठायची वेळ एकच. आता घरात तिला कोणी "विचार करू नकोस" म्हणत नाही, मी म्हणूच देत नाही.