ओढा शेवटी ठेवू नये

सप्टेंबरचा शेवटचा रविवार, दहाला दहा कमी. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावाभोवतीची नऊ किलोमीटरची फेरी चालली होती आणि सोबत चौदा माणसं होती. साडेसहा किलोमीटर चालून झालं होतं, अडीच उरलं होतं आणि मध्ये ओढा आडवा आला. एप्रिलमध्ये आखणी करताना हाच ओढा बूटसुद्धा न भिजवता ओलांडला होता: आठ पावलं रुंद कोरडी वाळू, पलीकडच्या काठावर एक बाभूळ. आज त्या आठ पावलांत मातकट पाणी दोन्ही काठांना घासत चाललं होतं. आमच्या डोक्यावर मात्र लख्ख ऊन होतं.

पावसाळ्यात पाण्याशी आलं की आधी पाण्याचा रंग बघायचा, मग त्यावर काय तरंगतंय ते. नितळ पाणी, तळाचे गोटे दिसतायत, खोली पोटरीच्या आत, तर काठीने तळ चाचपत, बॅगेचा कमरेचा पट्टा सोडून, एकेकाने जायचं. पट्टा सोडायचा कारण पाय घसरला तर बॅग झटक्यात टाकता आली पाहिजे. पाणी गढूळ झालंय, फेस आलाय, काटक्या आणि वाळकं गवत वाहतंय, म्हणजे वर कुठेतरी जोराचा पाऊस झालाय आणि पाणी अजून चढायचंय. त्या दिवशी तिन्ही खुणा होत्या. तरीही गटातले दोघे म्हणत होते, गुडघ्याएवढंच तर आहे, हात धरून जाऊ.

मी पाण्याच्या अगदी कडेला, कोरड्या जागी, नारळाएवढा एक दगड ठेवला आणि सगळ्यांना घड्याळ बघायला सांगितलं. चार मिनिटांत दगडाचा खालचा भाग ओला झाला, नवव्या मिनिटाला त्याच्यावरून पाणी गेलं. त्यानंतर हात धरून जायची भाषा कुणी केली नाही. नुसतं समजावण्यापेक्षा हा दगड लवकर पटतो. पाणी उतरतंय की चढतंय हे माणसाच्या डोळ्याला उभ्या उभ्या कळत नाही, खूण ठेवली की कळतं.

आता प्रश्न मागे फिरायचा. मागे साडेसहा किलोमीटर, त्यातले दोन काळ्या रानातले. सोलापूरकडची जमीन दोन जातींची. माळाची मुरमाड जमीन पाऊस थांबल्यावर तासाभरात चालण्याजोगी होते, कारण पाणी खाली झिरपून जातं. काळी उलट. ती पाणी धरते, फुगते आणि बुटाला चिकटते. पन्नास पावलांत तळव्याखाली चिखलाचा जाड थर बसतो, टाच वाकडी पडते, घोटा मुरगळतो. कोरड्यात ताशी चार किलोमीटर चालणारा गट ओल्या काळीत दीड-दोनवर येतो. म्हणजे परतीला थांबे धरून किमान तीन तास. परतीच्या पावसाचे ढग आमच्याकडे दुपारी एक-दोनला जमतात आणि विजा घेऊन येतात. उघड्या माळावर सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे चालणारा माणूस. मागे फिरलो असतो तर नेमके त्या वेळी माळावर सापडलो असतो.

तिसरा मार्ग गाडीरस्त्यावरच्या फरशी पुलाचा. तो मी लगेच बाद केला. फरशीवर पाणी असताना खालची कड दिसत नाही, काँक्रीट कुठे खचलंय कळत नाही आणि वाहत्या पाण्याला दोन फूट खोली मिळाली की चारचाकीही सरकते. ओढा टाळायला म्हणून फरशीवर जाणं म्हणजे तोच धोका नव्या जागी पत्करणं.

काठावरून शंभरेक पावलांवर उंचवट्यावर एक वस्ती होती. तिथले बाबा आमच्याकडे बघतच उभे होते. "वर लई पडलंय. आता उतरू नका. बसा हितं, च्या घ्या," एवढं म्हणून त्यांनी पत्र्याच्या शेडमधली खाट बाहेर काढली. वस्तीपर्यंत मुरमाचा गाडीरस्ता येतो हे त्यांच्याकडूनच कळलं. नकाशावर तो नव्हता. गावात ठेवलेल्या पिकअपवाल्याला फोन केला. तो ओढ्याच्या वरच्या अंगाने, मोठ्या रस्त्यावरच्या उंच पुलावरून फिरून सव्वा तासाने आला आणि साडेबाराला सगळे गावच्या मारुतीपाशी पोचले. दीडला वीज कडाडायला लागली.

कुणाला खरचटलंही नाही. पण चूक फेरीच्या आखणीतच होती आणि ती ओढ्यावर जाण्याच्या कितीतरी आधी झाली होती.

सरळ जाऊन त्याच वाटेने परतणाऱ्या चालीत अडचण आली की मागची वाट ओळखीची असते. फेरीत तसं नसतं. अर्धं अंतर ओलांडलं की मागे फिरणं पुढे जाण्यापेक्षा लांब पडतं आणि माणूस नाइलाजाने पुढे रेटतो. म्हणून फेरीतली सगळ्यांत बेभरवशाची जागा, मग तो ओढा असो, काळं रान असो की कुत्री असलेली वस्ती, पहिल्या एक तृतीयांशात यायला हवी. तिथे अडलं तर चाळीस मिनिटांत माणूस गावात. आम्ही एप्रिलमध्ये फेरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आखली, कारण तशी ती दिसायला छान होती: आधी माळ, मग शेतं, शेवटी ओढ्याकाठची सावली. उन्हाळ्यात ते बरोबरही होतं. सकाळी पावणेसहाला निघायचं, पाठीवर ऊन घेत पश्चिमेकडे जायचं, साडेआठनंतर ऊन चढतं तेव्हा ओढ्याकाठची झाडं मिळतात आणि नऊच्या आत गाव. माणशी तीन लिटर पाणी, त्यात एका बाटलीत मीठ-साखर. हीच फेरी हस्ताच्या पावसात उलटी चालायला हवी होती.

सोलापूरला गोल फिरून यायची रीत नवी नाही. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, यण्णीमज्जनाला (तैलाभिषेकाच्या दिवशी) उंच काठ्यांचे सात नंदीध्वज शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. पण ती वाट पिढ्यान्पिढ्या जानेवारीतच चालली जाते. आम्ही एप्रिलची आखणी सप्टेंबरला चालवायला बघितली.

त्यानंतर वर्षभरात तीच फेरी चारदा चाललो आणि एका नकाशाचे तीन नकाशे झाले.

जून ते ऑक्टोबर दिशा उलटी, ओढा अडीच किलोमीटरवर, सुरुवात साडेसहाला, बारापर्यंत गाव. काळ्या रानाचा तुकडा पूर्ण गाळून माळाच्या कडेने वळसा. त्याने सव्वा किलोमीटर वाढतं, पण वेळ वाचतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील तर चाल थांबवायची. एकट्या झाडाखाली किंवा विजेच्या खांबापाशी जायचं नाही, पक्कं घर किंवा बंद गाडी गाठायची. दोन्ही नसेल तर एकमेकांपासून वीस पावलं लांब, पाय जुळवून उकिडवं बसायचं. याच दिवसांत माळावर जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, म्हणून पायवाट सोडायची नाही. माळढोक अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय पाऊलही नाही.

ऑक्टोबरअखेर वेगळाच त्रास. एप्रिलमध्ये स्पष्ट दिसणारी पायवाट कमरेएवढ्या गवतात बुडते. तेव्हा पायाखाली न बघता लांबच्या खुणांवर चालावं लागतं: टॉवर, विहिरीवरचा कडुनिंब, देवळाचा कळस. आणि कुसळं. कुसळाच्या दाण्याला मागे लांब केसासारखी शेपटी असते. ती दमट हवेत उलगडते, कोरडी झाली की पीळ खाते आणि त्या फिरण्यानेच टोक मोज्यात आत आत शिरतं. सुती मोजे घातलेला माणूस तीन किलोमीटरवर बसतो. गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची विजार मोज्यांवरून खाली घ्यावी. अडकलेलं कुसळ टोकाच्या बाजूने, पुढे ओढून काढावं. मागे ओढलं तर टोकाजवळची राठ केसं उलटी अडतात.

डिसेंबर-जानेवारी हा राजा. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, घाई नसते. काळी वाळलेली असते, मात्र तिला भेगा पडायला लागतात, म्हणून नजर खाली हवी. रब्बीची ज्वारी उत्तरा-हस्तात पेरलेली, आता खांद्याच्या वर. शेतातून जायचं नाही, बांधावरून जायचं आणि तेही मालकाला विचारून. बांधावर तूर असेल तर शेंगा तोडायच्या नाहीत. वेळ अमावस्येला या भागात जवळजवळ प्रत्येक घर शेतात जेवायला येतं. त्या दिवशी फेरी ठेवली तर दर बांधावर आंबील घ्यायला थांबवतात आणि नाही म्हणता येत नाही. वेळेत दीड तास जास्तीचा धरावा. धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, दिसला तर लांबूनच "ओ मामा" अशी हाक द्यावी, तो कुत्री आवरतो. कुत्रं अंगावर आलंच तर पळायचं नाही, सगळ्यांनी एकत्र थांबायचं.

प्रत्येक हंगामात एक गोष्ट तीच. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे दुसरा वाट माहीत असलेला, आणि दर वळणावर मोजणी. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवलेला, शिवाय कागदावर, कारण मे महिन्याच्या उन्हात फोन तापून बंद पडतो.

जानेवारीत उलट्या दिशेने गेलो तेव्हा अडीच किलोमीटरवर तोच ओढा कोरडा होता. मी सप्टेंबरमध्ये ठेवलेला दगड अर्थातच नव्हता. पलीकडच्या बाभळीच्या काट्यांत मात्र वाळकं गवत, काटक्या आणि खताच्या पिशवीची एक चिंधी गुंडाळून लटकली होती, साधारण माझ्या छातीच्या उंचीवर. पुराने तिथवर येऊन ठेवलेली खूण. घरी येऊन एप्रिलच्या पाहणीचे फोटो उघडले. सावलीसाठी काढलेल्या त्याच बाभळीच्या फोटोत तसाच एक झुबका, तसाच छातीएवढ्या उंचीवर, आदल्या पावसाळ्याचा. तो दिसत होता, मी बघितला नव्हता. पुढच्या खेपेला टेप नेली. ओढ्याच्या तळापासून झुबक्यापर्यंत चार फूट दोन इंच. तो आकडा आता तिन्ही नकाशांवर ओढ्यापाशी लाल शाईने आहे.