जुन्या पीसीला नवी रॅम

आज नवी पेठेत जाऊन घरच्या डेस्कटॉपसाठी रॅम घेतली. बाबांचा चादरींचा सगळा हिशेब त्याच्यावर, आणि ब्राउझर उघडला की एक्सेल अडकायचं. दुकानातल्या दादांनी आधी मदरबोर्ड कोणता ते विचारलं. आमचा एच६१ प्रकारचा, म्हणजे रॅमची जुनी पिढी, डीडीआर३च. पुढची पिढी डीडीआर४ त्यात बसतच नाही. डीडीआर४च्या पिना २८८, डीडीआर३च्या २४०, खाचही वेगळ्या जागी. ८ जीबीच्या एका पट्टीऐवजी ४-४ च्या सारख्या दोन घेतल्या, ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरून जास्त वेग) मिळावं म्हणून. (विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वाया जाते, ते आधी बघा. आमचं ६४ आहे.) संध्याकाळी बाबांनी सगळ्या फायली एकदम उघडल्या आणि म्हणाले, "आता नवा पीसी नको." फार बरं वाटलं.