खाडाखोडीचा गृहपाठ

यवतमाळकडच्या खेड्यांतल्या अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर मी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलून बघायची मानसोपचाराची पद्धत, वापरते. अति काटेकोर मुलांपाशी पहिली अडचण ही, की त्यांना काही बिघडलंय असं वाटतच नाही. ओसीडीत, म्हणजे तेच ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारात, आपलेच विचार नकोसे होतात; इथे काटेकोरपणाचा अभिमान असतो, वर मास्तर कौतुक करतात. ‘तुझं चुकतंय’ म्हटलं की पोरगं परत फिरकत नाही. आणि या वयात व्यक्तिमत्त्व-विकाराचा शिक्का मी मारत नाही, स्वभावाचा कल एवढंच म्हणते.

पहिला आठवडा फक्त वेळेची नोंद: काम कोणतं, किती वेळ ठरवला, किती लागला, काय राहून गेलं. हृदयाच्या एका आकृतीत दीड तास गेला आणि सराव-प्रश्नपत्रिका तशीच राहिली, हे स्वतःच्या अक्षरात दिसलं की बोलणं सोपं होतं.

मग प्रयोग, सोप्याकडून अवघडाकडे. आधी पट्टीशिवाय समास. नंतर खोडलेला शब्द तसाच ठेवून पान पुढे न्यायचं. शेवटी गटाच्या प्रोजेक्टमधला एक भाग दुसऱ्याला द्यायचा आणि तपासायचा नाही; हे सगळ्यांना जड जातं. आधी भाकीत लिहायचं: ‘सर वही परत करतील, खात्री ८० टक्के.’ वही तपासून आली की शेजारी काय घडलं ते. प्रयोग केला त्या रात्री बेचैनी वाढते, पान फाडावंसं वाटतं. तरी दुरुस्ती दुसऱ्या दिवसापर्यंत करायची नाही, नाहीतर बेचैनी आपोआप उतरते हे कळतच नाही. काही मास्तर खरंच वही भिरकावतात, म्हणून सुरुवात कोणत्या विषयात करायची ते आधी बघावं लागतं.

हमखास फसतं ते विचारनोंदीत, म्हणजे प्रसंग, तेव्हा मनात आलेला विचार आणि भावना लिहायच्या तक्त्यात. तक्ता तीन रंगांत आखून, घरी पुन्हा उतरवून आणतात! म्हणून नोंद कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे, पेनने, पाच मिनिटांत. उतरवून आणलेली मी घेत नाही.

कापूस वेचणीत मुलं आठवडेच्या आठवडे येत नाहीत. तेव्हा दोन प्रयोग आगाऊ देते. त्यातला एक वावरातलाच: ओळीत मागे राहिलेलं बोंड बघायला परतायचं नाही. बाप ओरडेल, त्याला आधी सांगून ठेवावं.

झोप उडाली, जेवण तुटलं, मरणाची भाषा आली, तर हे प्रयोग थांबवून जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठायचा. रात्री-अपरात्री टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.