पावाची सुरी आणि जळालेलं जंगल

सामानाच्या यादीत पावाची सुरी बघून मला वाटलं, दुपारच्या जेवणासाठी असेल. अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा, मच्छरांची जाळी, झाडाचा घेर मोजायची टेप, ॲल्युमिनियम फॉइलचे चार रोल आणि 'ब्रेड नाइफ, ३'. माणसं आम्ही चार. म्हटलं, एकीला तरी हातानं पाव तोडावा लागणार.

जुलै २०२४. यलोनाइफहून बेचोकोकडे जाणाऱ्या तीन नंबरच्या हायवेच्या कडेला गाडी लावून आम्ही आत शिरलो. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधला हा पट्टा आदल्या उन्हाळ्यात जळाला होता. त्याच ऑगस्टमध्ये आगी शहराच्या इतक्या जवळ आल्या की यलोनाइफच्या जवळपास वीस हजार लोकांना घरं सोडावी लागली. २०२३ मध्ये कॅनडात मिळून सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळालं. अख्ख्या महाराष्ट्राच्या निम्मं म्हणा ना. माझं काम, त्या आगीत इथल्या जमिनीतला किती कार्बन गेला ते मोजणं. पीएचडीचं पहिलं वर्ष, आणि जळालेल्या जंगलात मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते.

म्हणजे, इथल्या जळालेल्या जंगलात. वणवा मला नवा नाही. माझे बाबा भोर तालुक्यात वनखात्याच्या कामावर होते. उन्हाळा लागायच्या आत ते जाळरेषा (वणवा अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) काढायला जायचे आणि रात्री डोंगरावर लाल रेघ दिसली की जेवणावरून उठून पळायचे. पण आमच्याकडचा वणवा गवतावरून, पाचोळ्यावरून धावतो. रात्रीत डोंगर काळा होतो आणि पावसाळ्याच्या दुसऱ्या आठवड्यात हिरवा. म्हणून बाबांचा फोनवरचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता. "झाडं किती जळाली ते मोजायचं, एवढंच ना?"

मलाही तसंच वाटायचं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आत गेलं की पहिल्यांदा कळतं ते पायाला. न जळालेल्या काळ्या स्प्रूसच्या (थंड प्रदेशातलं एक सूचिपर्णी झाड) जंगलात जमीन गादीसारखी दबते. वर जिवंत शेवाळ, त्याखाली तपकिरी धागेदार थर, त्याखाली काळपट, लोण्यासारखा मऊ थर, आणि मग कुठे खरी माती. थंडी आणि ओल इतकी की पडलेलं काही धड कुजत नाही. वर्षानुवर्षं नुसतं साचत जातं. आजी सांगायची की पूर्वी धान्य जमिनीत पेव खणून त्यात ठेवायचे. इथलं पेव हे असं आहे. उभी झाडं म्हणजे ओसरीवरची कणगी. येणाऱ्याला तीच दिसते, पण खरा साठा पायाखाली असतो. याच भागात २०१४ साली प्रचंड आगी लागल्या होत्या, सुमारे साडेअठ्ठावीस लाख हेक्टर जळालं. तेव्हाच्या मोजणीत दिसलं की हवेत गेलेल्या कार्बनपैकी बहुतेक सगळा या जमिनीतल्या थरातून गेला होता. चौरस मीटरला सरासरी तीन किलोच्या वर. झाडांचे बुंधे काळे होऊन तसेच उभे होते.

आणि ही आग घाईत नसते. ती खाली उतरते आणि धुमसत राहते. २०१४ च्या काही आगी बर्फाखाली हिवाळा काढून पुढच्या वसंतात पुन्हा वर आल्या होत्या.

तर अडचण अशी की जे जळून गेलं ते मोजायचं. उरलेलं मोजणं सोपं. पावाची सुरी त्यासाठीच होती. फावड्यानं हा थर चेपला जातो आणि कात्रीनं फाटतो. करवतीच्या दातांची लांब सुरी मात्र त्यातून सुरळीच्या वडीतून जावी तशी जाते. चौकोनी ठोकळा कापायचा, खालची माती लागेपर्यंत, आणि हळूच उचलून फॉइलमध्ये गुंडाळायचा. पण आगीआधी तो थर किती जाड होता, हे कोण सांगणार?

झाड सांगतं. शेवाळ वर वर चढतं तसा काळा स्प्रूस खोडाच्या वरच्या भागाला नवी मुळं फोडत राहतो. ज्वारीच्या ताटाला खालच्या पेरांवर मुळं सुटतात, तशी. शाळेत आपण त्यांना आगंतुक मुळं म्हणायचो. शेवाळ जळून गेलं की ही मुळं खोडावर अधांतरी उघडी पडतात. सगळ्यात वरच्या मुळापासून आताच्या जमिनीपर्यंत पट्टी लावायची. समजा ७ सेंटीमीटर आले. शेजारच्या न जळालेल्या जंगलात ही मुळं शेवाळाच्या पृष्ठभागाखाली सरासरी किती खोल असतात तेही मोजलेलं असतं, समजा ३. म्हणजे इथे १० सेंटीमीटर जळालं. उरलेला थर ८ असेल तर आगीआधी तो १८ होता. इतकं साधं.

साधं म्हणता म्हणता मी दोन दिवस वाया घालवले. झालं असं की वरची मुळं बारीक असतात आणि आगीत जळून त्यांचे नुसते काळे ठिपके उरतात, ज्वारीच्या दाण्याएवढे. मी गुडघ्यावर बसून खालची जाड, ठसठशीत मुळं बघायची आणि पट्टी लावायची. एका जागेचे आकडे आले २, १, ३, २. आजूबाजूला तर सगळं कोळसा झालेलं. संध्याकाळी (म्हणजे रात्री दहाला, सूर्य अजून मावळलेला नाही) माझ्या गाईड मॅडमनी वही बघितली. एवढंच म्हणाल्या, "उद्या खोडावरून बोट फिरव. डोळ्यांनी बघू नकोस."

दुसऱ्या दिवशी हातमोजा काढला. खोडावरून बोट वर नेलं तर काजळीखाली एक खरखरीत फोड लागला, आणखी वर दुसरा. पट्टी लावली, ९. पुढचं झाड, ११. दोन दिवसांची पानं आडवी रेघ मारून बाद केली आणि त्या सगळ्या जागांवर परत गेलो. परत जाणं म्हणजे काय, हे मच्छरांना विचारा. शिवाय वारा सुटला की काम बंद, कारण बुडाशी जळालेली झाडं जराशा झुळुकीनंही आडवी होतात आणि पडताना जवळजवळ आवाज करत नाहीत. आमच्याबरोबरचे बेचोकोचे काका अस्वलांवर लक्ष ठेवायला होते, पण त्यांची नजर सारखी शेंड्यांकडे असायची. अस्वल एकदाच दिसलं, लांब, पाठमोरं. झाडं रोज पडायची.

प्रयोगशाळेतलं काम चार महिने चाललं, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गोठवलेले ठोकळे काढायचे, थर वेगळे करायचे, काड्या निवडायच्या, भट्टीत ६० अंशाला सुकवायचे, दळायचे. मग त्यातले काही मिलिग्रॅम कथलाच्या इवल्याशा वाटीत घालून चिमट्यानं तोंड बंद करायचं. पहिल्या पन्नास तरी फुटल्या असतील. मग एकदा करंजीच्या मुरडीसारखं दुमडून बघितलं आणि जमलं. मैत्रिणींना वाटलं, मी कुठलासा कोर्स केलाय. या पुड्या यंत्रात जातात, तिथे हजार अंशाच्या आसपास जळतात आणि निघालेल्या वायूवरून कार्बन मोजला जातो. आगीतून वाचलेलं मी चार महिने बसून जाळत होते.

बाबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण पोरी, जंगल परत वाढेल की. परत साचेल."

खरं आहे, आणि हजारो वर्षं असंच चाललंही आहे. आग येते, वरचा थर जातो, खालचा राहतो. पुढची शंभरएक वर्षं साचतं आणि परत आग येते. दर वेळी थोडं शिल्लक पडतं. वॉकर या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापलेलं काम याच शिलकीबद्दल आहे. २०१४ मध्ये जळालेल्या इथल्याच जंगलांपैकी जी जुनी होती, त्यांची शिल्लक वाचली. पण साठ वर्षांच्या आतली जी तरुण जंगलं पुन्हा जळाली, त्यांतल्या जवळपास निम्म्या ठिकाणी आग मागच्या आगीतून वाचलेल्या जुन्या साठ्यात घुसली. मधे साचायला वेळच मिळाला नव्हता. उत्पन्न कमी पडलं की बियाण्याला हात घालावा लागतो, असं मी बाबांना सांगितलं. ते लगेच कळलं त्यांना.

२०२३ च्या पाच महिन्यांत कॅनडाच्या आगींतून जवळजवळ ६५ कोटी टन कार्बन हवेत गेला. कोळसा-तेल जाळून वर्षाला त्याहून जास्त कार्बन सोडणारे देश जगात तीनच आहेत, चीन, अमेरिका आणि आपण. पण त्यातला किती त्या जुन्या पेवातला होता, हे उपग्रहातून दिसत नाही. त्यासाठी वय काढावं लागतं. झाडाचं वय बुंध्याच्या चकतीवरच्या वलयांवरून निघतं. उरलेल्या थराच्या अगदी वरच्या चिमूटभर मातीचं वय किरणोत्सारी कार्बनवरून काढतात, आणि तिथे एक विचित्र मदत होते. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला हा कार्बन जवळपास दुप्पट केला होता, त्याचा ठसा त्या काळच्या शेवाळातही उतरला, म्हणून ते शेवाळ त्याआधीच्यापासून वेगळं ओळखता येतं. ती चिमूट झाडापेक्षा जुनी निघाली तर समजायचं, आग शिलकीत शिरली.

माझ्या जागांपैकी सात तरुण होत्या. वलयं मोजली तर सगळ्यात लहान झाड माझ्यापेक्षा बाराच वर्षांनी मोठं निघालं. योगायोग असा की हीच ती २, १, ३, २ ची जागा. तिथली चिमूटही बाकीच्या सहांबरोबर दुसऱ्या प्रयोगशाळेत गेली आहे. रांग मोठी आहे, यायला अजून दोन-तीन महिने लागतील.

आता दर रविवारी फोन उचलला की बाबा आधी हेच विचारतात, "आलं का गं वय?"