गडचिरोली: वैनगंगेपलीकडचे जिल्हा मुख्यालय

गडचिरोलीला जाण्यासाठी मुख्यतः दोन रस्ते वापरले जातात आणि दोन्हींवर वैनगंगा ओलांडावी लागते. नागपूरची एस.टी. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी अशी येते, तर चंद्रपूरची मूल, सावली, व्याहाड मार्गे. आम्ही पहिल्या रस्त्याने गेलो आणि दुसऱ्याने परतलो. चंद्रपूरचे अंतर सुमारे ८० किलोमीटर असल्याने मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना तो रस्ता सोयीचा पडेल. शहरात अद्याप रेल्वे पोहोचलेली नाही. वडसा ते गडचिरोली लोहमार्ग पूर्ण होईपर्यंत वडशाला उतरून बस धरणे हाच रेल्वेचा पर्याय आहे.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या जेमतेम ५४ हजार होती. चंद्रपूर, आरमोरी, धानोरा आणि चामोर्शीकडचे रस्ते इंदिरा गांधी चौकात एकत्र येतात आणि बाजारपेठही याच परिसरात आहे. जिल्हाधिकारी कार्यालय व इतर शासकीय कचेऱ्या मात्र जुन्या वस्तीपासून दूर आहेत. त्या भागाला सगळे ‘कॉम्प्लेक्स’ म्हणतात, त्यामुळे ऑटोवाल्याला तेवढे सांगितले तरी पुरते.

या शहराचा स्वभाव समजण्यासाठी नकाशा पाहावा. १४,४१२ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा दक्षिणोत्तर लांबलचक पसरलेला असून मुख्यालय त्याच्या उत्तर भागात आहे, तर प्राणहितेकाठचे सिरोंचा तेथून सुमारे २०० किलोमीटरवर आहे. एखाद्या दाखल्यासाठी किंवा सुनावणीसाठी तिकडून आलेल्या माणसाला त्याच दिवशी परतणे अवघड जाते. दक्षिण भागासाठी वेगळ्या अहेरी जिल्ह्याची जुनी मागणी कशातून आली, हे बसस्थानकावर पिशव्या उशाला घेऊन पहाटेच्या गाडीची वाट पाहणारी माणसे पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. पर्यटकाने यातून एवढेच ध्यानात घ्यावे की कामकाजाच्या दिवशी लॉज भरलेले असतात आणि शनिवार-रविवारी खोली सहज मिळते.

शहरात पाहण्यासारखे फारसे नाही. मुक्काम येथे ठेवून आसपास फिरावे. चामोर्शीमार्गे मार्कंडा देवस्थानाला जावे आणि त्यासाठी निदान अर्धा दिवस द्यावा. येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि तिच्या काठी शैव मंदिरांचा समूह उभा आहे. भिंतींवरील मूर्तींचे थर इतके दाट आहेत की सकाळच्या तिरप्या उन्हातच ते नीट उलगडतात, म्हणून दुपारी जाऊ नये. महाशिवरात्रीच्या यात्रेत मोठी गर्दी होते. ज्यांना शिल्पे पाहायची आहेत त्यांनी ते दिवस टाळावेत.

धानोरा रस्त्यावर आधी चातगावजवळ शोधग्राम आणि पुढे मेंढा (लेखा) लागते. शोधग्राम हे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेचे कार्यस्थळ आहे. तेथे रुग्णालय चालते, त्यामुळे पूर्वपरवानगीशिवाय जाऊ नये. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देणाऱ्या मेंढा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबूविक्रीचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. तेथेही आधी कळवून जावे आणि विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत.

भामरागडजवळचे हेमलकसा, म्हणजे आमटे कुटुंबाचा लोकबिरादरी प्रकल्प, एका दिवसात करून येण्याचा मोह टाळावा. वाटेत आलापल्लीला मुक्काम केल्यास प्रवास सुसह्य होतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि गोसीखुर्द धरणातून पाणी सोडल्यावर खुद्द मुख्यालयाकडचे रस्तेही बंद होऊ शकतात. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य. मलेरियाचा भाग असल्याने मच्छरदाणी किंवा मलम जवळ असावे. जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे. आतील गावांत मोबाइलवर विसंबता येत नाही, म्हणून रोख रक्कम शहरातूनच काढून न्यावी.

हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातील, नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसा हे त्याचे केंद्र आहे आणि भोवतालच्या गावांत रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. परतीची गाडी वडशाहून सकाळची असेल, तर त्या रात्रीचे लॉजभाडे वाचते.